पुराची नोटीस आली तरी लोक हलत नाहीत, म्हणजे लोक अडाणी?

कृष्णाकाठ:
'प्रशासन घसा कोरडा करून सांगतं, लोक घर सोडत नाहीत आणि नंतर बोटी मागतात' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. 2019 ला सांगलीकरांना 2005 च्या पुराच्या खुणेनं फसवलं. 2005 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, जिथं सांगलीची पातळी मोजतात, पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. ज्यांच्या उंबऱ्याशी ते थांबलं त्यांनी चौदा वर्षं तीच शेवटची रेघ धरली. 2019 ला सामान माळ्यावर टाकून आत बसले आणि पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. 'पातळी 45 फूट, सतर्क राहा' यावरून माझ्या दारात किती येणार हे कसं कळावं?

बंधारा:
45 म्हणजे धोका पातळी, हे काठावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इशारा 40 लाच मिळतो, तेव्हा रस्ते कोरडे असतात. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली, तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. शेवटच्या बोटीपर्यंत थांबलं की असंच होतं.

दावण:
मेलेल्यांना दोष देऊ नका! दारात चार म्हशी असताना माणूस कुठं जाणार? एका म्हशीला दिवसाला वीसेक किलो ओली वैरण आणि पन्नास लिटरच्या आसपास पाणी लागतं. छावणीत त्याची सोय आहे का, हे नोटिशीत कधी लिहितात? धारेची वेळ चुकली तर कास सुजते.

उसाचा फड:
अलमट्टीबद्दल सगळे गप्प का? खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या या धरणाची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून 519.60 मीटरवरून 524.256 वर न्यायचा घाट आहे. त्याचा फुगवटा, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, आमच्या शिरोळात येतो.

बंधारा:
2019 च्या पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 मध्ये सांगितलं, अलमट्टीमुळे पूर आला नाही.

उसाचा फड:
समितीला विचारा, नृसिंहवाडीच्या संगमावर पाणी आठ-आठ दिवस का तटून राहतं!

कृष्णाकाठ:
पंचगंगा आणि कृष्णा एकाच वेळी फुगतात म्हणून. सांगलीखाली हरिपुरात वारणा तेच करते. पंचगंगेला पाणी सोडणाऱ्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक. कुणाच्या फोनची वाट बघत नाहीत. उंची वाढवायला माझाही विरोध आहे, पण आज रात्री निघायचं की थांबायचं, हे अलमट्टीवरून ठरत नाही.

ते असं ठरवा. भिंतीवरची 2019 ची खूण म्हणजे साडेसत्तावन्न फूट धरा. तिथून उंबऱ्यापर्यंत टेप लावा. सहा फूट भरले तर तुमचा उंबरा साडेएक्कावन्नला बुडतो. पाणी 45 वर असेल आणि तासाला 2 इंच चढत असेल तर साडेसहा फूट म्हणजे 78 इंच, 39 तास. चढ वाढला की पुन्हा हिशोब करा. हा आकडा आपल्या गल्लीपुरताच, नदीच्या पाण्यालाही उतार असतो.

बंधारा:
इथंच चुकताय. उंबरा मोजून उपयोग नाही, रस्ता आधी बुडतो. कर्नाळ रोडकडं, सूर्यवंशी प्लॉटात घर कोरडं असतानाच वाट बंद होते. टेप रस्त्यातल्या सगळ्यात सखल जागेला लावा आणि त्या आकड्याच्या बारा तास आधी निघा.

दावण:
आणि जनावरं त्याच्याही आधी, उजेडी. अंधारात, पाण्यात म्हैस टेम्पोच्या फळीवर पाय ठेवत नाही.

बंधारा:
बरं, नोटिशीत रस्त्याचा आकडा हवा, इतकं मान्य. विजेच्या खांबांवर आयर्विनचे फूट रंगवले तरी पुष्कळ होईल.

उसाचा फड:
खांब रंगवा. अलमट्टीचं मी सोडणार नाही.