मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन शियामेन (चीन)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

भाऊबीज आटोपली की आठवडाभर शियामेनला जायचं घाटतंय. फूच्येन प्रांतातलं, तैवानच्या समोरचं, बेटावर वसलेलं शहर. जुन्या नकाशांत अमॉय म्हणून सापडेल. भाऊ ग्रॅनाइटच्या धंद्यात आहे, त्याची तिकडे सारखी ये-जा असते. "या वेळी तुम्हीही या" म्हणाला खरा, पण दिवसभर तो दगडाच्या कारखान्यांत असणार. गुलांग्यू बेटावर कसं जायचं विचारलं तर म्हणतो, "ड्रायव्हर सोडेल." त्याला हॉटेलची लॉबी आणि पॉलिश केलेल्या लाद्या सोडून शहरातलं काही माहीत नाही. म्हणजे आम्ही तिघं आपल्याच भरवशावर.

आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. त्यात कार्तिकी एकादशी व्हायच्या आत जातोय, म्हणून कांदा-लसूणही बंद. बाबांना काहीही वाढा, खातील. त्यांचा प्रश्न गुडघ्यांचा. सपाटीवर तास-दीड तास चालतात, जिने मात्र नको.

व्हिसाचं काम एजंटकडे दिलंय. बाकी पैसे कसे द्यायचे (रोख घेतच नाहीत म्हणे?), व्हॉट्सॲप बंद असेल तर भावाशी बोलायचं कसं, आईला काय खायला घालायचं आणि बाबांना झेपेल असं काय काय बघता येईल, यावर जाणकारांनी सांगावं. मातीची ती गोल घरं बघायची फार इच्छा आहे. यूट्यूब बघून झालंय. तिथे सगळे पंचविशीतले, पाठीवर सॅक टाकून निघालेले!

आगाऊ धन्यवाद.

चहाबाज

ताई, निम्मी तयारी घरी बसूनच करायची आहे. निघण्याआधी अलिपे आणि विचॅट ही पैसे द्यायची चिनी ॲप दोन्ही फोनमध्ये घ्या, पासपोर्टने ओळख पटवून घ्या आणि कार्ड जोडून ठेवा. २०२३ पासून परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड त्यात चालतात. रुपे नाही चालणार. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेत ना, ते बघा, आणि शक्यतो दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडा. एक ऐन वेळी रुसतंच. अलिपेवर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के लागतो. रोख कायद्याने घ्यावीच लागते, पण सुट्ट्यांची बोंब. दहा-वीसच्या नोटा आईंच्या पर्समध्ये असू द्या.

भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलंत तर व्हॉट्सॲप, गूगल सगळं चालतं. हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. बँकेचा ओटीपीही याच सिमवर येणार, त्यामुळे ते काढून ठेवू नका. गूगल मॅप्सवर तिकडे विसंबू नका, अमॅप घ्या, त्यात इंग्रजी आहे. टॅक्सी अलिपेतल्याच दीदीवरून मागवा. हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट करून तिघांच्याही फोनमध्ये ठेवा.

आणि पॉवर बँक! चीनमधल्या देशांतर्गत विमानात जून २०२५ पासून '३सी' (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) शिक्का असलेलीच चालते. आपल्याकडच्या बहुतेकांवर तो नसतो. सुरक्षा तपासणीत काढून घेतात. रेल्वेने फिरणार असाल तर हा प्रश्न नाही.

पाऊलवाट

आधी विमानाचं. कोलकाता-ग्वांगचौ थेट सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण ग्वांगचौहून पुढे बुलेट ट्रेनचे काही तास आहेतच. बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून थेट शियामेनला उतरा. रेल्वेने आलातच तर लक्षात घ्या, शियामेन स्टेशन बेटावर आणि शियामेन उत्तर समुद्रापलीकडे. मेट्रोची १ नंबरची लाइन बेटावरून शियामेन उत्तरपर्यंत जाते, पण शियामेन स्टेशनवर थांबत नाही. ती थोडा वेळ अगदी पाण्यालगत धावते, तेव्हा बाबांना खिडकी द्या.

गुलांग्यूवर मोटारी नाहीत, सायकलीही नाहीत. २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या चढ-उताराच्या. सूर्यप्रकाश खडकाचा नाद बाबांनी सोडावा, वर जायला पायऱ्याच पायऱ्या. काठाकाठाने बॅटरीवरची गाडी फिरते, तिचं तिकीट काढा, मग वडाच्या सावलीत जुने बंगले बघत रमतगमत चाला. बोटीचं तिकीट पासपोर्टवर मिळतं, दोन-तीन दिवस आधी काढलेलं बरं. चुंगशान रोडसमोरचा धक्का अगदी जवळ दिसतो म्हणून लोक तिथे जाऊन उभे राहतात. दिवसा तो स्थानिकांसाठी असतो. पर्यटकांची बोट तुंगतूच्या क्रूझ टर्मिनलवरून सुटते, टॅक्सीवाल्याला तेच नाव दाखवा.

गोल घरं म्हणजे थुलोऊ. जवळचं स्टेशन नानचिंग. इथे लोक हमखास गंडतात, कारण रोमन लिपीत याचं आणि च्यांगसू प्रांतातल्या त्या मोठ्या नानचिंग शहराचं स्पेलिंग एकच. तिकीट काढताना फूच्येनचंच आहे ना, ते बघा. स्टेशनवरून पुढे डोंगरातून तासाभराहून जास्त गाडीचा प्रवास आहे. भावाचा तो ड्रायव्हर इथे खरा कामाला येईल, अख्खा दिवस त्यालाच घ्या. थ्येनलुओखंगला एक चौकोनी वाडा आणि भोवती तीन गोल नि एक लंबगोल. स्थानिक त्याला 'चार भाज्या नि एक सूप' म्हणतात. वरून बघायच्या सज्ज्यापर्यंत गाडी जाते, खाली गावात उतरायला पायऱ्या. वाड्यांचे वरचे मजले अनेक ठिकाणी बंदच असतात, त्यामुळे बाबांचं काही चुकणार नाही.

तांदळाची_भाकरी

आईंची काळजी करू नका. चिनी बौद्ध मठांतल्या जेवणात कांदा-लसूण मुळातच नसतो, म्हणजे चातुर्मास आयताच पाळला जातो. विद्यापीठाशेजारच्या नानपुत्वो मंदिराचं शाकाहारी उपाहारगृह नामांकित आहे. टोफू, मश्रूम, कमळाचे देठ, तारो (आपल्या अळूचाच कंद) असं बरंच काही. तिथे जाऊन मांसासारखं दिसणारं काही समोर आलं तर आईंना आधीच सांगून ठेवा की ते सोयाचं आहे, नाहीतर ताट तसंच राहील.

बाहेर मात्र 'भाजी' म्हणून आलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस किंवा चिकन पावडर असू शकते. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण आणि या दोन गोष्टी नकोत, असं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. शियामेनची प्रसिद्ध साचा नूडल्स आईंना देऊ नका. रस्सा शेंगदाण्याच्या आमटीसारखा दिसतो, पण त्या मसाल्यात सुकी कोळंबी असते. त्याऐवजी शेंगदाण्याचं गोड सूप द्या. दाणे जिभेने दाबले तरी विरघळतात. काही जण त्यात अंडं फोडून घालतात, तेवढं नको म्हणा.

उकळतं पाणी स्टेशनवर, गाडीत, हॉटेलात सगळीकडे फुकट मिळतं. उपमा-पोह्यांची इन्स्टंट पाकिटं आणि झाकणाचा डबा बरोबर असला की सकाळ निभावली. सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद असेलच असं नाही आणि बरीच भारतीय बैठकीची असतात. बाबांना ते जड जाईल, म्हणून मॉलमधली गाठा.

धागाकर्ती

मनापासून आभार! आईला मठातलं जेवण वाचून दाखवलं, आता तीच घाई करतेय. एक राहिलं. भाऊ म्हणतो, समोरचं किनमन बेट बोटीने अर्ध्या तासावर आहे, एक दिवस जाऊन या. जमेल?

चहाबाज

या खेपेला नको. किनमन तैवानच्या ताब्यात आहे, तिथली परवानगी वेगळी. शिवाय बोटीत बसलात की चीनमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि परत यायला व्हिसावर दुसरा प्रवेश लागतो. तुमच्या एजंटने सिंगल एंट्रीच मागितली असणार, आजच फोन करून विचारा. नुसतं बघायचंच असेल तर किनाऱ्याच्या रस्त्यावरून हवा स्वच्छ असताना त्या बाजूची बेटं दिसतात. त्याऐवजी तो दिवस छ्वानचौला द्या. रेल्वेने अर्धा-पाऊण तास. तिथल्या खाययुआन मंदिरात मागच्या बाजूला कृष्ण-नृसिंह कोरलेले खांब आहेत, सातशे वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या तमिळ व्यापाऱ्यांच्या देवळातले. आवार सपाट आहे, बसायला जागा भरपूर.