आवडत्या बँडसारखं पुस्तक कधी भेटलंय का?

रातकिडा
काल कपाट आवरताना पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर' अल्बमची कॅसेट सापडली. टेप कधीचाच बिघडलाय, तरी नुसती हातात धरून बसले. कॉलेजात असताना पिंक फ्लॉइडसारखं पुस्तक शोधायचं खूळ होतं मला. सगळे म्हणाले 'ॲनिमल फार्म' वाच, त्यांचा १९७७चा 'ॲनिमल्स' अल्बम त्यावरूनच सुचलाय. वाचलं. झकास आहे, पण त्यात फ्लॉइड काही भेटला नाही. ऑर्वेल भराभर पुढे जातो. फ्लॉइडमध्ये एक सूर लांबत राहतो आणि आपण त्यात बसून असतो.

मग काही वर्षांनी 'कोसला' हाती आलं. बहीण जाते तो भाग वाचून पुस्तक मिटलं, आणि डोक्यात याच कॅसेटवरच्या 'शाइन ऑन'मधले गिटारचे ते चार सूर सुरू. नेमाड्यांचं पुस्तक १९६३चं, अल्बम १९७५चा, कुणाचा कुणाशी संबंध नाही. पण त्याच रेकॉर्डिंगच्या दिवसांत बँडचा जुना गायक सिड बॅरेट डोकं-भुवया भादरून स्टुडिओत आला आणि जुन्या मित्रांना ओळखूच आला नाही, हे आठवलं की आता 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकरही आठवतो.
तुमचं सांगा.

अर्धवट वाचक
डोअर्सनी नाव हक्सलीच्या 'द डोअर्स ऑफ परसेप्शन'वरून घेतलं म्हणून मोठ्या आशेने आणलं. बारीकसं तर पुस्तक. माणूस स्वतःच्या पँटच्या चुण्या बघत बसलाय! तिथेच झोपलो.

दुपारची डुलकी
हाहा चुण्या. मी ते वाचून इस्त्री करायला उठले होते.

लोखंडी
रातकिडाताई, थोडा असहमत. गाण्यामागचं पुस्तक दर वेळी फसत नाही. आयर्न मेडनचं १९८४चं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' हे तेरा मिनिटांचं गाणं ऐकून मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कविता वाचली, त्याच नावाची, कोलरिजची, १७९८ची. त्यातली लय मुळातच दौडत जाते, बेस गिटार फक्त तिच्या मागे पळते. खलाशी तो पक्षी मारतो आणि पुढे चहूकडे पाणी नि प्यायला थेंब नाही... मोठ्याने वाचा. शेजारी ओरडतील ते ओरडू देत.

चष्मा कुठाय
जॉय डिव्हिजनची काळोखी गाणी आवडत असतील तर जीएंचं 'काजळमाया'. दिवसा वाचा. बास.

अर्धवट वाचक
+१, रात्री वाचून पस्तावलोय.

दुपारची डुलकी
लेड झेपेलिनच्या 'रॅम्बल ऑन' गाण्यात टोल्किनचा गोलम येऊन पोरगी पळवतो ना, त्यावर आमचे चिरंजीव (वय ११, टोल्किन तोंडपाठ) भडकलेत. "त्याला अंगठी सोडून मुलगी कशाला हवीय?" १९६९पासून हा प्रश्न कुणाला पडला नाही का! बाकीचं नंतर लिहिते, मशीन थांबलंय.

ओली छत्री
भावाला क्युअर फार आवडायचे. त्यांचं पहिलं सिंगल कामूच्या 'द स्ट्रेंजर'वर आहे, एवढं त्याच्याकडून ऐकून माहीत होतं. तो गेल्यावर त्याच्या खोलीत ते पुस्तक मिळालं. सबंध पुस्तकात पेन्सिलने एकच ओळ अधोरेखित. कुठली ते नाही सांगत. मला तो बँड अजून कळत नाही, पण ती ओळ मी अधूनमधून वाचते.

लोखंडी
काय बोलू. जपून ठेवा ते.

चष्मा कुठाय
💛

अर्धवट वाचक
विषय सोडून, पण रातकिडा, कॅसेट टाकू नका हं. फीत सैल झाली असेल तर आधी पेन्सिल घालून हळूहळू फिरवा.

लोखंडी
पेन्सिल नाही हो, सहा कडांचं बॉलपेन. पेन्सिल घसरते.

चष्मा कुठाय
पेन्सिलच. आमच्या घरी वीस वर्षं पेन्सिलच चालली.

रातकिडा
भांडू नका, बॉलपेनने जमलं. ओली छत्री, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय. आता कुणाकडे चालू टेप आहे का ते सांगा.