मोझांबिकची तूर थेट मागवायची तर करारातला 'कोटा' लागतो का?

चुनीभुसी (जळगाव)
मंडळी, दाळ मिल लहान आहे, दिवसाला पाऊणशे क्विंटलची. नवी तूर जोरात यायला जानेवारी उजाडतो, त्याआधी दोन-तीन महिने कच्च्या मालाची ओढाताण. तेवढ्यापुरते मोझांबिकच्या तुरीचे एक-दोन कंटेनर थेट मागवावेत असं डोक्यात आहे. भारत-मोझांबिक करारात वर्षाला दोन लाख टन आहेत म्हणतात, त्यातला हिस्सा कुठून मिळवायचा? ड्युटी किती? आणि मुंबईच्या आयातदाराकडून घेण्यापेक्षा खरंच स्वस्त पडतं का? तिकडच्या मालाला उतारा (तुरीतून निघणारी दाळ) कमी बसतो हेही ऐकलंय.

बिलऑफएंट्री
भाऊ, हिस्सा-बिस्सा सध्या काही नाही. 2015 च्या शेवटी तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, त्यानंतर जुलै 2016 मध्ये हा करार झाला. पहिल्या वर्षी 1 लाख टन, मग वाढवत 2020-21 पर्यंत 2 लाख. 2021 मध्ये आणखी पाच वर्षांसाठी, म्हणजे 2025-26 पर्यंत, वर्षाला 2 लाख टन ठरले. याचा अर्थ एवढाच की तेवढी तूर भारत येऊ देणार. सरकारने स्वतः खरेदी केलीच पाहिजे असं नाही, खासगी व्यापारातूनही ती येते. 15 मे 2021 ला तुरीची आयात मुक्त झाली आणि मुदत वाढवत वाढवत ती तशीच ठेवली. दार सताड उघडं असताना पास कोण विचारतो?

पण पास फाडून टाकू नका. ऑगस्ट 2017 मध्ये इकडे तूर उदंड झाली आणि सरकारने आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. करारातला माल त्यातून वगळला होता, तरी तिकडचे भाव कोसळायचे ते कोसळलेच. तिथल्या लोकांच्या ताटात तूर फारशी नसते, झांबेझिया-नामपुलाकडचा शेतकरी ती भारतासाठीच पेरतो. म्हणून सौदा करण्याआधी चालू अधिसूचना वाचाच. मुदत बिल ऑफ लेडिंगच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या) तारखेवर मोजलीय की माल बंदरात उतरण्यावर, हे बघा. एका ओळीचा फरक असतो आणि कंटेनर अडकतो.

ड्युटी: मोझांबिक अल्पविकसित देशांत मोडतो, त्यांच्यासाठी 2008 पासून भारताची शुल्कमुक्त योजना आहे. त्यासाठी तिथल्या अधिकृत यंत्रणेचं मूळ देशाचं प्रमाणपत्र हवं. सगळ्यांनाच ड्युटी शून्य असते तेव्हा लोक या कागदाकडे कानाडोळा करतात, पण करारातल्या मालाला तोच आधार आहे. एचएस कोड (कस्टम्समधला मालाचा क्रमांक) 0713 60 00, तो इनव्हॉइस आणि प्रमाणपत्र दोन्हींवर सारखाच पाहिजे. आणखी एक खोच: मलावीला समुद्र नाही, त्यांचा मालही मोझांबिकच्या नाकाला आणि बैरा बंदरांतून निघतो. नाकालाचं बिल ऑफ लेडिंग म्हणजे मोझांबिकचीच तूर, असं गृहीत धरू नका. 2020 च्या कस्टम्स नियमांनुसार मूळ देशाची माहिती आयातदाराने स्वतः जवळ ठेवायची असते.

तुमच्याकडून आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), बंदरावर नोंदवलेला बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) आयातदाराचा केंद्रीय परवाना लागेल. मिलचा परवाना इथे चालत नाही. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्यावर) धुरीचा रकाना पूर्ण भरलेला हवा: मिथाईल ब्रोमाईड, घनमीटरला 32 ग्रॅम, 24 तास, 21 अंश. रकाना कोरा निघाला तर इथे परत धुरी, दंडाची फी आणि मधल्या दिवसांचं कंटेनरभाडं.

रोलरपाट (भुसावळ)
उताऱ्याचं सांगतो. आपली चांगली तूर 72-74 टक्के दाळ देते. तिकडचा माल कमी देतो याचं कारण दाणा वाईट हे नाही, दाणा मिसळ आहे. पांढरी आणि तपकिरी तूर एकाच पोत्यात, लहान-मोठीही एकत्र. रोलर मोठ्या दाण्याला लावला तर लहान दाणा सालीसकट निसटतो. लहान दाण्याला आवळला तर मोठ्याची कणी आणि पावडर होते. म्हणून आधी चाळणीवर आकाराप्रमाणे दोन तरी प्रती पाडा आणि त्या वेगवेगळ्या काढा. एकत्र घोटाल तर दोन-तीन टक्के चुनीत (तुकड्या-भुशात) गेलेच म्हणून समजा.

दुसरी कटकट मातीची. झोडणी जमिनीवर होते, त्यामुळे तुरीएवढी ढेकळं येतात. डीस्टोनर (खडे वेगळे करायचं यंत्र) खडा काढतो, पण हलकं ढेकूळ दाण्यासोबत पुढे जातं, रोलरमध्ये फुटतं आणि सगळी दाळ मळकट करतं. मग पॉलिश कितीही मारा, फटका (वरच्या प्रतीच्या) दाळीचा भाव येत नाही. नमुना हातात आला की मूठभर तूर ओल्या फडक्यावर चोळा, फडकं लाल झालं तर भाव पाडून मागा.

डॉलरआणिदमडी
आता पैशाचं. समजा 800 डॉलर टन, मुंबई पोच, आणि डॉलर 85 रुपये. म्हणजे टनाला 68,000, क्विंटलला 6,800. एका 20 फुटी कंटेनरात साधारण 24 टन, म्हणजे 240 क्विंटल धरा. वरती क्लिअरिंग, हमाली, न्हावा शेव्याहून जळगावचं चारशेवर किलोमीटरचं ट्रकभाडं आणि वजनातली तूट. सौदा डॉलरमध्ये असतो, त्यामुळे माल समुद्रात असताना डॉलर रुपयाने चढला की क्विंटलला 80 रुपये गेले. फॉरवर्ड (डॉलरचा दर बँकेशी आधीच बांधून) घेतला नसेल तर ही मिल नव्हे, सट्टा झाला. बंदरावर डिटेन्शनच्या (कंटेनर उशिरा परत केल्याच्या भाड्याच्या) दर दहा हजारांमागे क्विंटलला 42 रुपये, आणि एकच कंटेनर असला की ते वाटून घ्यायला दुसरा माल नसतो. आयातदाराचे पन्नास कंटेनर येतात, त्याला हे सोसतं. बिलऑफएंट्री यांनी कागद बरोबर सांगितले, पण पहिल्याच वर्षी तुम्ही या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. न्हावा शेव्याच्या गोदामात माल बघून रुपयात घ्या.

तरी थेटच घ्यायचा असेल तर आगाऊ रक्कम 10-20 टक्क्यांवर नेऊ नका. बाकीचे पैसे बँकेतून, जहाजाचे कागद आल्यावर. ओलावा, माती, डागी दाणे यांची टक्केवारी सौद्याच्या करारात लिहा आणि लोडिंगच्या जागी सर्व्हेअर (माल तपासणारा त्रयस्थ) ठेवा. पोचल्यावरचं भांडण कोणी ऐकत नाही.

वेळही बघा. तिकडे काढणी जून-जुलैपासून, पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेला माल कोरडा. उशिरा भरला की पोत्यात ओल आणि कंटेनरच्या छताला घाम, वरच्या थराला बुरशी. त्यातून 2023 च्या अखेरीस तिथल्या निर्यातदारांच्या आपसातल्या वादात नाकाला बंदरात तूर अडकून पडली होती. दोन्ही सरकारं दोस्त असूनही माल लवकर सुटेना. मोझांबिकमधल्या रोवुमाच्या गॅस प्रकल्पात आपल्या सरकारी कंपन्यांचा 30 टक्के वाटा आहे, मैत्री काही तोंडदेखली नाही. पण त्या मैत्रीने तुमचा कंटेनर वेळेत निघत नाही.

चुनीभुसी (जळगाव)
समजलं भाऊ. मग या वर्षी गोदामातून एक ट्रक. पोती कशी तपासायची? वरची चांगली लावतात.

रोलरपाट (भुसावळ)
थप्पीच्या बुडातली आणि भिंतीकडची मागा. बंबी (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) मारून दहा-बारा पोत्यांचा नमुना एकत्र करा, दाणा दाताखाली फोडा. कट्ट वाजला तर कोरडा, दबला तर ओला. बारीक गोल भोकं दिसली की भुंगा लागलाय, ती थप्पी सोडा. आणि घासाघीस करण्याआधी अर्धा क्विंटल मिलवर काढून उतारा मोजा.

बिलऑफएंट्री
ट्रक आला की साठा ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर चढवायला विसरू नका, मिलवाल्यांनाही ते लागू केलेलं आहे. आणि आयातदाराकडून बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम्स कागदाची) झेरॉक्स घेऊन ठेवा.