'पश्चात्ताप करा' आणि 'मन फिराओ'

प्रश्न : इंदुरात आमची रविवारची उपासना हिंदीत होते, घरी मात्र मराठी पवित्र शास्त्र वाचले जाते. मत्तय ४:१७ मध्ये हिंदीत 'मन फिराओ' आहे आणि मराठीत 'पश्चात्ताप करा'. या दोहोंचा अर्थ एकच आहे का? आणि पश्चात्तापाऐवजी 'प्रायश्चित्त' म्हटले तर चालेल का?

उत्तर : मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' असा आहे. त्यात विचारांची, बुद्धीची दिशा पालटणे हा अर्थ मुख्य आहे. त्यामागे उभा असलेला हिब्रू शब्द 'शूब' तर सरळसरळ मागे वळणे, परत येणे असा आहे. हिंदी भाषांतरकारांनी हे वळणे पकडले. मराठीत तसे करणे अवघड होते, कारण आपल्याकडे 'त्याचे मन फिरले' म्हटले की माणूस दिलेल्या शब्दावरून हटला किंवा कुणावर नाराज झाला, असाच बोध होतो. (इंदुरी मराठीत हिंदीच्या सहवासाने 'मन फिरव' असे कधी कानी पडते, पण ते लिहू नये.)

'पश्चात्ताप' या शब्दात मात्र नंतर होणारा ताप तेवढा आहे, वळणे नाही. व्यवहारात आपण 'मला पश्चात्ताप झाला' असे म्हणतो. तो आपोआप होतो, आपण करत नाही. शास्त्रात मात्र आज्ञार्थ आहे, 'करा'. भावना आज्ञेने उत्पन्न होत नाही, म्हणून ज्याची आज्ञा देता येते असे काहीतरी येथे अभिप्रेत आहे, हे त्या क्रियापदावरूनच कळते. प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये तर 'पश्चात्ताप करा व वळा' असे दोन्ही शेजारी-शेजारी आले आहे. लूक ३ मध्ये लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला 'मग आम्ही काय करावे?' असे विचारतात, तेव्हा तो रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी आपल्या पगारात समाधान मानावे, असे सांगतो.

नुसत्या तापासाठी 'पस्तावा' पुरे. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताविषयी मत्तय २७:३ मध्ये ग्रीकमध्ये वेगळेच क्रियापद आहे, आणि हिंदीतही तो 'पछताया' आहे. त्याने तीस नाणी परत केली, चूक बोलून दाखवली, पण तो देवाकडे परतला नाही. येशूला नाकारल्यावर पेत्रही रडला, तो परतला. दुसरे करिंथ ७:१० मध्ये पौल दैवी दुःख आणि जगाचे दुःख यांत जो भेद करतो, तो हाच.

'प्रायश्चित्त' मात्र जपून वापरावा. मराठी शास्त्रात पहिले योहान २:२ मध्ये ख्रिस्तच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, असे म्हटले आहे. 'मी प्रायश्चित्त घेतले' असे म्हणणाऱ्याने नकळत ते काम स्वतःकडे घेतलेले असते.

दुसरे मत : शेवटचे विधान प्रोटेस्टंट कानांना पटेल. कॅथलिक परंपरेत अनुताप, पापांगीकार (धर्मगुरूपुढे पाप कबूल करणे) आणि भरपाई अशी साखळी आहे, धर्मगुरू पापांगीकारानंतर प्रायश्चित्त नेमून देतो, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला वसईकडे 'प्रायश्चित्तकाळ' असेही म्हणतात. त्या वापराला चूक कसे म्हणावे? शिवाय तुकोबांनी 'हेंचि प्रायश्चित्त । अनुतापीं न्हाय चित्त' असे म्हणून दोन्ही शब्द केव्हाच जवळ आणले आहेत.

उत्तर : हरकत मान्य आहे, कॅथलिक वापराला त्याचा स्वतंत्र अर्थ आहे, आणि तेथेही क्षमा भरपाईच्या मोबदल्यात मिळते असे मानलेले नाही. जकातदार जक्कयाचेच पाहा. लूक १९ मध्ये येशू आधी त्याच्या घरी उतरतो, चौपट परत देण्याची गोष्ट नंतर येते. तुकोबांचा अनुतापही क्षणाचा नाही. आरंभापासून शेवटपर्यंत तो टिकला पाहिजे, अशी अट त्याच अभंगात आहे. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिलाही हेच म्हणतो, की विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. म्हणूनच 'त्याने अमुक साली पश्चात्ताप केला' हे वाक्य साक्ष देताना ठीक असले, तरी ख्रिस्ती अर्थाने अपुरे वाटते.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. 'पापापासून पश्चात्ताप' अशी रचना प्रार्थनांत हल्ली फार ऐकू येते, ती इंग्रजी वळणाची आहे. पश्चात्ताप पापाचा किंवा पापाबद्दल होतो, आणि 'पासून' हवेच असेल तर क्रियापद 'वळणे' घ्यावे: पापाचा पश्चात्ताप करून पापापासून देवाकडे वळणे.