शंभूचं पोट अन् बी विंगचा ग्रुप

बी ३०४ शंभूची मम्मी: कुणी जागं आहे का ओ, शंभूचं पोट परत अडकलंय. सव्वादोन वर्षांचा आहे, शी आली की पडद्यामागं जाऊन पायाला पाय घट्ट लावून ताठ उभा राहतोय, तोंड लालबुंद, चड्डी काढाय गेलं की किंचाळतोय. झाली तर लेंड्या, नाहीतर एकदम एवढी मोठी की मलाच रडू येतंय. काय देऊ

बी १०१ काकी: एरंडेल दे चमचाभर. न्हाईतर साबणाची कांडी लाव खालनं. आमच्या पोरांस्नी तेच केलं, झाली की सगळी मोठी

बी २०२ ओवीची आई: काकी साबण नको ओ, आत आग होते, जखम झाली तर पोरगं अजून भिणार. एरंडेलानं कळा येतात पोटात, एवढ्या लहानाला अंदाजानं नको

बी १०१ काकी: मग आम्हाला काय कळतंय

बी २०२ ओवीची आई: रागवू नका की. तुमचं काळ्या मनुकाचं बेस्ट आहे, रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट कुस्करून, ओवीला तेच देते मी

बी ३०४ शंभूची मम्मी: पण तो जोर लावतोय ओ एवढा, तरी बाहेर येत नाही

बी ४०१ सिस्टर: ड्युटीवरनं आत्ता आले. अगं तो बाहेर काढायला जोर लावत नाही, आत धरून ठेवायला लावतोय. कधीतरी टणक शी होऊन दुखलं असणार, आता भितोय. धरून ठेवली की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी टणक, परत दुखतं, परत धरतो. हे चक्र मोडायचं तर शी दुखेनाशी व्हायला पाहिजे, ओरडून काही होत नाही. आमच्या वॉर्डात निम्म्या आया हेच सांगत येत्यात, "जोर लावतोय पण होत नाही"

सचिव: उद्या सकाळी पाणी ६ ते ७ येणार. आणि ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे याची नोंद घ्यावी

बी २०२ ओवीची आई: ड्रेनेज सोसायटीचंच काम आहे साहेब 😄

बी ४०१ सिस्टर: दूध किती पितोय ते सांग आधी

बी ३०४ शंभूची मम्मी: सकाळी बाटली, दुपारी झोपताना, रात्री दोन. जेवतच नाही ना, मग दूध तरी जाऊ दे म्हणून

बी ४०१ सिस्टर: तिथंच गणित आहे बघ. कोल्हापुरात दूध कमी कर म्हणणं म्हणजे पापच, पण या वयाला दिवसभरात अर्धा लिटरच्या वर नको. पोट दुधानं भरतं, मग भाकरी-आमटी कशी खाणार, अन् दुधात चोथा शून्य. दूध कट्ट्यावर म्हशीचं समोरच पिळून देतात ते धारोष्ण कौतुकानं पाजू नको, उकळूनच दे. बाटली सोडव, कपानं दे. पपई, पेरू, ज्वारीची भाकरी, पाणी मधनंमधनं. बिस्किटं लपवून ठेव

बी १०१ काकी: बिस्कीट तर मीच देत्ये त्याला

बी ४०१ सिस्टर: 😅 आता साठलेली टणक शी नुसत्या मनुकांनी निघणार नाही, तर डॉक्टरांना दाखव. ते वजनावर लॅक्टुलोज नाहीतर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, ती आतड्यात पाणी धरून ठेवते, शी मऊ राहते. त्यांची सवय लागत नाही. दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, महिनोन् महिने लागतंय कधी कधी, ताणलेलं आतडं मूळ आकाराला यायला वेळ घेतं. आणि चड्डीला पातळ डाग दिसले तर जुलाब समजून औषध बंद करू नको, टणक गोळ्याच्या बाजूनं झिरपतं ते

बी २०२ ओवीची आई: हे मला माहीतच नव्हतं

बी ४०१ सिस्टर: पोट फुगून घट्ट झालं, हिरवी उलटी झाली, जास्त रक्त पडलं, ताप आला, वजन वाढेना, किंवा जन्मापासूनच त्रास असेल तर थांबायचं नाही, लगेच न्यायचं. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली होती का ते पण सांगा डॉक्टरांना

बी ३०४ शंभूची मम्मी: ती दुसऱ्याच दिवशी झालेली. उद्या दाखवतेच. आणि बसवू कसं, कमोडवर भितोय

बी ४०१ सिस्टर: पाय लोंबकळत असतील तर जोर येतच नाही. पायाखाली पाट ठेव, गुडघे कमरेच्या वर यायला पाहिजेत. जेवणानंतर पाचेक मिनिटं बसव, तेव्हा आतडं आपोआप हलतं. गोष्ट सांग, झाली नाही तरी रागवू नको

बी १०१ काकी: पाट हाय माझ्याकडं, सकाळी घेऊन जा

बी ३०४ शंभूचे पप्पा: आत्ता वाचलं सगळं. मी संध्याकाळी दूधवाल्याला उद्यापास्नं एक लिटर जास्त सांगून आलोय

बी २०२ ओवीची आई: असू दे की भावजी, बासुंदी करा अन् अख्ख्या विंगला बोलवा