लाकडाच्या स्टोव्हसाठी चिमणीत सोडायच्या लायनरच्या (आतल्या स्टीलच्या नळीच्या) रुंदीबद्दल, आणि त्यावरच्या ब्लँकेटबद्दलही
"८ इंची लायनर घ्या, मोठ्या नळीत धूर चांगला ओढला जातो" हे वरचं मत मला नाही पटत. स्टोव्हचं धूर सोडणारं तोंड ६ इंची असेल तर लायनरही ६चाच हवा, कारण रुंद नळीत धूर रेंगाळतो, थंड होतो आणि साधारण २५० फॅरनहाइटच्या खाली गेला की डांबरासारखा क्रिओसोट (धुरातून साचणारा, पेट घेणारा थर) आतून धरतो, चिमणीत आग लागते ती त्यानेच. लायनर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, या वरच्या सल्ल्याला मात्र पूर्ण अनुमोदन.

पण इन्सुलेशनबद्दल, म्हणजे लायनर गरम ठेवणाऱ्या आवरणाबद्दल, कोणीच लिहिलं नाहीये! आमच्या न्यू जर्सीच्या जुन्या घराची चिमणी बाहेरच्या भिंतीला आहे, तीन बाजूंनी थंडी. पैसे वाचवायला नुसताच लायनर सोडला होता, तर पहिल्याच हिवाळ्यानंतर साफ करायला आलेल्या माणसाने आतला चकचकीत काळा थर दाखवला, पोटात गोळाच आला, वर मुलं झोपतात हो. मग सगळा लायनर बाहेर काढून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट गुंडाळून परत बसवला, म्हणजे मजुरी दोनदा. आणि ब्लँकेट अर्धा इंची असलं तरी ६ची नळी ७ची होते, त्यामुळे चिमणीला आतून बसवलेल्या जुन्या टाइल्सच्या आतलं माप ऑर्डरच्या आधीच घ्या.