प्रति: नव्या स्टार्टअपसाठी टेक स्टॅक

दोघांच्या टीमने नव्या स्टार्टअपसाठी कोणता टेक स्टॅक (भाषा, डेटाबेस वगैरे साधनांचा संच) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दिवसापासून मायक्रोसर्व्हिसेस (एकाच अ‍ॅपचे छोटे स्वतंत्र भाग) आणि कुबरनेटीस (असे भाग अनेक सर्व्हरवर चालवणारं साधन) घ्या, हा इथे आधी कुणी दिलेला सल्ला मला अजिबात पटत नाही. इन्स्टाग्राम 2012 मध्ये विकलं गेलं तेव्हा तिथे जेमतेम 13 माणसं होती आणि वापरणारे सुमारे 3 कोटी. पाया काय, तर जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस)! डेटा वाढला तेव्हा त्यांनी पोस्टग्रेसचेच तुकडे करून तो अनेक सर्व्हरवर वाटला, डेटाबेस बदलला नाही.

तुम्हाला पायथन येतं ना? मग जँगोच घ्या. लॉगिन, अ‍ॅडमिन पॅनेल, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायची सोय) सगळं आयतं मिळतं. फ्रंटएंड (वापरणाऱ्याला दिसणारा भाग) कुठलंही चालेल, पण डेटाबेसची रचना मात्र घाईत करू नका, कारण कोड पुन्हा लिहिता येतो, ग्राहकांचा बिघडलेला डेटा निस्तरताना जीव जातो. आणि बॅकअप घेताय तसा तो एकदा रिस्टोअर करूनही (त्यातून डेटा परत आणूनही) बघा, अगदी याच आठवड्यात.